पापडाचं बोलावणं

११ मार्च. उडदाचं पीठ सकाळीच घट्ट भिजवून, वर तेलाचा हात फिरवून, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलं आहे. ते मुरलं की कुटायचं, आणि कुटायचं काम पाठीचं असतं, म्हणून तोवर पाठ टेकून हे लिहीत बसले आहे. जळगावात मार्चच्या या दिवसांत दहा वाजताच गच्चीची फरशी पायाला लागते. खालच्या मजल्यावरच्या कंचनभाभी मघाशी जिन्यात भेटल्या. त्यांचं किराण्याचं दुकान आहे. पापडखाराची पुडी माझ्या हातात पाहून म्हणाल्या, "ताई, तयार पापड आमच्याकडे आहेत ना. कशाला हात मोडता?" मी म्हटलं, "तुमच्या पापडाला मिरी कमी असते." त्या म्हणाल्या, "ते गिऱ्हाईक तसं मागतं." दोघींचंही बरोबर होतं.

माझ्यासाठी मार्चला दोन वास आहेत. एक हिंग-मिऱ्यांचा, आणि दुसरा प्रिंटरमधून गरम गरम निघणाऱ्या कागदाचा. एकतीस मार्चच्या आत संस्थांना अहवाल हवे असतात आणि त्याच पंधरवड्यात खान्देशातल्या बायकांना पापड हवे असतात. वर्षानुवर्षं मी या दोन्हींच्या मध्ये सापडत आले आहे.

माझा धंदा सांगायला अवघड नाही, पण पटवायला अवघड आहे. माझे दीर अजून मला "संस्थांची ऑडिटर" म्हणतात. ऑडिटर हिशेब बघतो. मी बघते की ज्या कामासाठी संस्था निघाली ते काम होतंय का, आणि पुढच्या तीन वर्षांत तिनं काय करायचं नि काय सोडायचं. त्याला धोरणात्मक नियोजन म्हणतात. काय करायचं याची यादी सगळे भराभर सांगतात, भिंतीवरचा कागद पुरत नाही. काय सोडायचं म्हटलं की खोलीतले पंखे ऐकू यायला लागतात. अन्यायाविरुद्ध काम करणाऱ्या माणसांना सोडणं जमत नाही. त्यांचंही चूक नाही. अन्याय काही रजेवर जात नाही. पण माणसं तीच, गाडी एक, आणि देणगी देणारे दरवर्षी नवा विषय शोधणारे. कुणीतरी बाहेरच्यानं येऊन "हे बंद करा" म्हणावं लागतं. ते म्हणायचे मला पैसे मिळतात.

मला आठवतो तो उन्हाळा करोना ओसरल्यानंतरचा. एका संस्थेनं मला बोलावलं होतं. नवऱ्यानं टाकलेल्या, किंवा नवऱ्याला सोडून आलेल्या बायकांसाठी ती काम करायची. पोटगी, स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, पोलिसात तक्रार नोंदवून घेणं, अशी कामं. धुळे, चाळीसगाव आणि पाचोरा अशी तीन सल्ला केंद्रं होती. मोठा देणगीदार हात आखडता घेत होता आणि तीनपैकी दोनच केंद्रं चालवणं शक्य होतं. हे कुणी स्पष्ट लिहिलं नव्हतं. कामाच्या पत्रात "केंद्रांच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक आढावा" असं होतं. असली वाक्यं मला वाचता येतात.

कागद पाहिले तेव्हा निर्णय सोपा वाटला. धुळ्यात प्रकरणं भरपूर आणि निकाली निघण्याचं प्रमाणही चांगलं. चाळीसगाव मधलं. पाचोऱ्यात प्रकरणं येत होती, पण बंद फारशी होत नव्हती. कोर्टातून पोटगीचा हुकूम आला तरी उघडं. रेशनकार्ड वेगळं झालं तरी उघडं. संस्थेचे अध्यक्ष नाना, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी तर आधीच सांगून टाकलं होतं, "पाचोऱ्याची बाई चांगली आहे हो, पण पेपर सोडवते आणि बाईंकडे देतच नाही."

ती बाई म्हणजे सुमनअक्का. बियाण्यांच्या दुकानावरची एक खोली हे तिचं केंद्र. जिना अरुंद, खालून कीटकनाशकाचा उग्र वास, वर भिंतीला टेकलेल्या सतरंज्या. अक्का साठीच्या पुढची, अंगानं भरलेली, आवाज असा की खालच्या दुकानदाराला आमची बैठक ऐकायला कष्ट पडत नसत. मी दारात पाय ठेवला तर म्हणाली, "या. आधी चहा ल्या, मंग आमनी खोड काढा."

मी चहा घेतला आणि खोड काढली. म्हटलं, "अक्का, तुमची प्रकरणं बंद होतात ती सगळी होळी ते पाडव्याच्या मध्ये. बाकीचं वर्षभर एकही नाही. असं कसं?"

"मंग? पापड तवाच राहतस ना."

मला वाटलं ती सुट्टीचं कारण देतेय. तसं नव्हतं. तिनं सुपारी कातरत कातरत जे सांगितलं ते असं. कोर्टाचा कागद ही एक गोष्ट आणि गल्ली ही दुसरी. बाई माहेरी परत आली की गल्ली तिच्याशी बोलते, पाणी भरू देते, पण सगळ्यांत मिसळू देत नाही. हळदीकुंकवाला तिला बोलावत नाहीत. "ते आमले नकोच शे," अक्का म्हणाली, "त्या कुंकवावर लाथ मारी उनी ती." पण उन्हाळ्याच्या तोंडाला प्रत्येक घरी पापड लाटायचे असतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. जिच्याकडे पापड ती घरोघर सांगत फिरते आणि बायका आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. त्यात देव नाही, मान नाही, नुसते हात लागतात. ज्या दिवशी गल्ली तिला पापडाला बोलावते त्या दिवशी गल्लीनं तिला धरलं, असा अक्काचा हिशेब. त्या दिवशी ती प्रकरण बंद करायची. त्याआधी नाही.

"कागद मिळना म्हणजे काम व्हयनं का?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "पण अक्का, कोर्टाचा हुकूम जूनमध्ये आला तर तो जूनमध्ये लिहा ना. तुमची बारा महिन्यांची मेहनत कागदावर शून्य दिसते. त्या शून्यावर तुमचं केंद्र बंद पडायची वेळ आली आहे."

"पडू द्या."

"पडू द्या काय? मग या बाया कुठं जातील? धुळ्याला?"

खालून दुकानदार ओरडला, "अक्का, त्या म्हणतात ते लिहून टाक ना!" अक्कानं जिन्यातून खाली उत्तर दिलं, "तू तुना बियानं इक!"

या धंद्यात मी चांगले निर्देशक फार थोडे पाहिले आहेत. निर्देशक म्हणजे बदल झाला की नाही हे ओळखायची खूण. मोठ्या शहरांतून छापून येणाऱ्या खुणा अशा असतात: "लाभार्थी महिलांच्या आत्मविश्वासात वाढ." ती कशी मोजायची? विचारायचं, "तुमचा आत्मविश्वास वाढला का?" आणि बाई म्हणते, "हो." आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला कुणी तक्रार सांगत नाही. आपण सतरंजीवर बसून त्यांचा चहा पीत असतो, शेव-मुरमुऱ्यांची ताटली पुढे असते, आणि प्रश्न असतो "केंद्राचा उपयोग झाला का?" उत्तर एकच येतं, बठ्ठं चांगलं शे, सगळं चांगलं आहे. हेच उत्तर मी शिरपूरपासून रावेरपर्यंत ऐकलं आहे, आणि ते उत्तर नसून पाहुणचार आहे हे समजायला मला फार वेळ लागला नाही. अक्काची खूण त्यापेक्षा कितीतरी पक्की होती. ती बाईला विचारत नव्हती, गल्लीला विचारत होती, आणि गल्लीला आपण परीक्षा देतोय हे ठाऊक नव्हतं.

म्हणजे पाचोऱ्याचं केंद्र वाचवायला माझ्याकडे एक चांगली गोष्ट होती. मी ती नेटकी लिहायचं ठरवलं आणि एक उदाहरण घ्यायला अक्कानं सांगितलेल्या गल्लीत गेले.

उदाहरणाचं नाव रेखा. नवरा सुरतेला कामाला गेला आणि तिथं त्यानं दुसरं घर केलं. रेखा मुलीला घेऊन पाचोऱ्यात माहेरच्या गल्लीत एका खोलीत राहायला आली. हंगामात कापसाच्या जिनिंगमध्ये जायची, एरवी शिलाई. पोटगी मिळत होती, रेशनकार्ड नावावर होतं, आणि आदल्या वर्षी गल्लीनं तिला पापडाला बोलावल्यावर अक्कानं तिचं प्रकरण बंद केलं होतं.

मी पोचले तेव्हा ती एका घरी पडवीत लाटत बसली होती. आठ-दहा जणींचा गोल. मधे तेलाची वाटी. एकजण पिठाची लांब वळकटी दोऱ्यानं कापून लाट्या पाडत होती आणि तिची मुलं लाट्या तेलात बुडवून पळवत होती. लाटण्यांचा आवाज एका लयीत यायला लागला की कुणीतरी काहीतरी बोलून तो मोडायचीच.

"ह्या कोण, गं?"

"केंद्राच्या मॅडम. आपलं मोजाया उन्यात."

"पापड का तोंडं?"

"मोजा, मोजा. तोंडंच जास्ती भरतीन."

रेखा हसत होती, पण बोलत नव्हती. तिचे पापड सगळ्यांत पातळ. खाली धरलेलं बोट दिसावं असे. घरची बाई मोठ्यानं म्हणाली, "आमनी रेखा नसती तं आमना पापड जाडाच राहतात." मी मनातल्या मनात ते वाक्य अहवालात लिहूनही टाकलं.

परत येताना रेखा माझ्याबरोबर निघाली, काखेत पोळपाट. मी सहज विचारलं, "तुझ्याकडे कधी आहेत पापड? मला सांग, मी येऊन बघेन."

ती म्हणाली, "मन्हाकडे नाही राहत."

"का? खात नाही?"

"मी बठ्ठासकडे जास, ताई. मन्हाकडे कोनी येत नही."

मी थांबले. ती चालतच राहिली, म्हणून मला पुन्हा गाठावं लागलं. मग तिनं सगळं सांगितलं, चिडून नाही, बाजारभाव सांगावा तसं. गल्लीतल्या सासवा सुनांना तिच्या खोलीत बसू देत नाहीत. "म्हणतात, तिच्याकडं बसली तर सून शहाणी होऊन येईल." तिला बोलावतात कारण तिचा हात चांगला आहे आणि ती नाही म्हणत नाही. आदल्या वर्षी तिनं उडीद आणून ठेवले होते. पीठ भिजवलंच नाही. "भिजवलं आणि कुणी आलं नाही तर? पापडाचं पीठ थांबत नाही, ताई. वाळून जातं. मग मी एकटीच लाटत बसू, आणि सगळी गल्ली दारातून बघणार."

म्हणजे अक्काची खूण अर्धीच होती. बोलावणं आलं हे खरं. पण उलट फेरी झाली नव्हती. सगळ्यांकडे जाणारी आणि जिच्याकडे कुणी येत नाही अशी बाई गल्लीनं धरलेली नसते, वापरलेली असते. आणि मी हे नेमकं त्या दिवशी ऐकलं ज्या दिवशी मला पाचोऱ्याच्या बाजूनं काहीतरी हवं होतं.

लिहायचं की नाही, याचा मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं होईल. ऐकलेलं लिहायचं हा माझा करार असतो. पण आधी अक्काला सांगणं भाग होतं. मी जिना चढून परत गेले आणि सांगितलं.

अक्का भडकली. "ती रेखी! माले नही सांगं तिनी, तुमले सांगं?"

"तुम्ही विचारलं होतं का?"

"तुम्ही आमनं घर बुडावशात."

"मी न लिहिलं तरी ते तसंच आहे."

"तुमनं काय जास? तुम्ही अहवाल देशात नि जळगावले जाशात." हे तिचं बरोबर होतं. मी अहवाल देणार होते आणि जळगावला जाणार होते. तिनं मला निरोपही दिला नाही.

(उठून पीठ पाहून आले. अजून थोडं कडक आहे. कुटताना सैल पडेल. पापडाचं पीठ सैल भिजवणारी बाई पुढे लाटणाऱ्या बायकांवर ओरडत राहते. हे मी सासरी आल्यावर शिकले आणि नियोजनाच्या बैठकांतही कामाला येतं: सुरुवातीला सैल ठेवलं की नंतर सगळे एकमेकांवर ओरडतात.)

पुढचे काही दिवस मी धुळ्याच्या केंद्रात होते. तिथं सगळं नीट होतं. भिंतीवर तक्ते, वेळच्या वेळी नोंदी, समुपदेशक शांत आवाजात बोलणारी. मला मात्र सारखं वाटत होतं की इथं हुकूम आल्यावर बाई कुठं जाते हे कुणालाच ठाऊक नाही. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, आपलं काम हुकूम मिळवून देणं." तेही खोटं नव्हतं. धुळं मोठं, माणसं दोन.

समितीची बैठक जळगावला, संस्थेच्या कार्यालयात ठरली; केंद्रांच्या बायकांनाही बोलावलं होतं. मी माझा मसुदा वाटला. त्यात अक्काची खूण होती, तिची अर्धवटताही होती, आणि रेखाचं नाव न घालता तिचं बोलणं होतं. शिफारस मी अशी केली होती: पाचोरा एक वर्ष चालू ठेवावं, पण नोंदी दोन प्रकारे ठेवाव्यात, कायद्याचं काम झाल्याची वेगळी आणि गल्लीची वेगळी. नानांनी चष्मा वर केला.

"म्हणजे आता वार्षिक अहवालात पापडाचं वजन द्यायचं का?"

"द्या," अक्का मागून म्हणाली, "भाषणांपेक्षा जास्त भरंल."

एकजण हसला. नाना हसले नाहीत. म्हणाले, "अक्का, थट्टा नको. तुमची बंद झालेली प्रकरणं आधीच कमी. आता या मॅडम म्हणतात त्यातलीही काही खरी बंद नाहीत. मग आम्ही काय पाहून केंद्र ठेवायचं?"

अक्का उभी राहिली. मला वाटलं आता माझा उद्धार होणार. तिनं मधल्या दिवसांत काय केलं होतं ते मला ठाऊक नव्हतं. आदल्या वर्षांत प्रकरण बंद केलेल्या एकेका बाईच्या घरी ती गेली होती आणि एकच प्रश्न विचारून आली होती: तुझ्याकडे कोण येतं?

"बहुतेक जणींकडे कुणी येत नाही," ती म्हणाली. समितीपुढे ती शहरी मराठी बोलायचा प्रयत्न करायची. "माझं चुकलं होतं. मी बोलावणं मोजलं, येणं मोजलं नाही. ती सगळी मी परत उघडली आहेत. म्हणजे आता माझ्याकडे बंद झालेली जवळजवळ नाहीतच. तुम्हाला बंद करायचं तर करा. पण कमी दिसतात म्हणून करा, खोटी आहेत म्हणून करू नका."

पंखे ऐकू यायला लागले.

नानांना पापडाचा मुद्दा शेवटपर्यंत पटला नाही. तसं त्यांनी मला नंतर चहाच्या वेळी सांगितलंही. पण चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेला माणूस. ते म्हणाले, "जी बाई स्वतःचे मार्क स्वतः कमी करते, तिचे उरलेले मार्क खरे असतात. पाचोरा एक वर्ष राहील. पुढच्या उन्हाळ्यात अक्कांनी एवढंच सांगायचं, किती जणींच्या घरी गल्ली आली. नाही आली तर बंद. मग त्यावर चर्चा नको."

आणि मग ते अवघड वाक्य मी म्हटलं, कारण त्याचेच मला पैसे मिळत होते: "पाचोरा ठेवायचं तर काय सोडायचं?" बरीच टोलवाटोलवी झाली. शेवटी संस्थेचा वार्षिक मेळावा सोडला. मांडव, पाहुणे, सत्कार, शाली. तो मेळावा नानांनी सुरू केला होता आणि प्रास्ताविक दरवर्षी तेच करायचे. "ठीक आहे," ते म्हणाले, "शाली तशाही पेटीतच पडतात." त्यांनी पुढचा विषय घेतला. मला नाना त्या दिवशी आवडले.

निघताना अक्का दारात चपला शोधत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "रेखाले सांगी ठेयेल शे. पीठ भिजव म्हटलं. उद्या सकाळी."

"तुम्ही सांगितलं म्हणून तयार झाली ती?"

"नही. दोन दिवस भांडनी मन्हासंगे. मंग म्हणे, वाळनं तं वाळनं." चपला सापडल्या. "तुमना अहवाल व्हयना ना? मंग तुम्हीबी या. पोळपाट आपला आणजात. तिच्याकडं एकच शे."

संध्याकाळी मी अंतिम प्रत पाठवून दिली. मूल्यमापन चालू असताना कुणाच्या घरी लाटायला बसणं मला चाललं नसतं. मोजणाऱ्या बाईनं पोळपाट हातात घेतलं की मोजणं संपतं. पण आता काम संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोळपाट-लाटणं पिशवीत घालून मी पाचोऱ्याची गाडी धरली. रेखाची खोली गल्लीच्या टोकाला होती. दाराबाहेर खाट टाकून तिच्यावर जुनी सुती साडी अंथरली होती, पापड वाळत घालायला. आत अक्का बसली होती, गुडघे पसरून, पीठ कुटत. रेखा वळकटी करत होती आणि दाराकडे बघत नव्हती. समोरच्या घरांच्या ओट्यांवर बायका नेहमीपेक्षा जास्त वेळ भांडी घासत होत्या.

मी बसले. थोड्या वेळानं समोरची शोभा रस्ता ओलांडून आली. हिच्याच पडवीत मी रेखाला लाटताना पाहिलं होतं. तिच्या काखेत पोळपाट होतं आणि मागून तिच्या सासूचा आवाज येत होता. शोभानं उंबऱ्याच्या आत आल्यावर पहिली लाटी उचलून दाबून पाहिली.

"रेखे, पीठ सैल व्हयनं. आमले म्हणतेस नि सोता काय करस?"

रेखानं सरकून जागा केली.

अक्का माझ्याकडे वाकून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही नि मी मोजणीत येत नाही बरं. एकच धरा."

मी एकच धरली, आणि लाटायला घेतलं.